वाचकांचे प्रश्न : सरळ वर उठणारी जेट विमाने

गेल्या अंकात आम्ही १९५० ते १९७० या काळातल्या, धावपट्टीशिवाय सरळ वर उठू पाहणाऱ्या प्रायोगिक जेट विमानांची छायाचित्रे छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : इंजिनाचा रेटा विमानाच्या वजनाहून जास्त असला की विमान वर जाणारच. आजच्या कित्येक लढाऊ विमानांत तो तसा असतोही. मग या विमानांचे एवढे अडले कुठे?

उत्तर : वर उठणे हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. नेहमीच्या लढाऊ विमानात झोत शेपटीतून, म्हणजे गुरुत्वमध्याच्या बऱ्याच मागून निघतो. तोच खाली वळवला तर शेपूट उचलली जाईल आणि विमान नाकावर पालथे पडेल. रेट्याची रेषा गुरुत्वमध्यातून जायला हवी आणि इंधन जळत गेले, पंखाखालचे ओझे सुटले तरी ती तिथेच राहायला हवी. या एका अटीने सगळा आराखडा बदलतो. इंजिन पोटात येते आणि इंधन त्याच्या पुढे-मागे तोलून वाटावे लागते.

अधांतरी थांबलेल्या विमानाच्या पंखांवरून हवा वाहत नाही, त्यामुळे पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते पडदे तिथे कुचकामी ठरतात. तोल सांभाळण्यासाठी कंप्रेसरमधून, म्हणजे इंजिनात हवा दाबणाऱ्या भागातून, दाबाची हवा काढतात आणि ती नाक, शेपूट व पंखांची टोके इथल्या बारीक तोंडांतून सोडतात. ही हवा फुकट मिळत नाही, तिच्यामुळे मुख्य रेटा कमी होतो. जमिनीजवळ आणखी थोडी घट येते, त्याविषयी पुढे लिहिलेच आहे. उन्हाळ्याचा हिशेब वेगळाच. तापमान १५ ऐवजी ३५ अंश असेल तर त्याच दाबाची हवा सुमारे साडेसहा टक्क्यांनी विरळ असते आणि इंजिनाचा रेटा त्याहूनही जास्त टक्क्यांनी घटतो. तेव्हा दहा टनांच्या विमानाला दहा टनांचा रेटा मुळीच पुरत नाही. दहा ते वीस टक्के हाताशी ठेवावे लागतात.

शिवाय अधांतरी थांबण्याचा वेळ फार तर काही मिनिटांचा, पण त्यासाठी घेतलेले जादा इंजिन, नळ्या, दारे, वळणारी तोंडे हे सगळे उड्डाणभर वाहावे लागते. तेवढे इंधन किंवा ओझे कमी. यातली बहुतेक विमाने उठली, तरंगली, काही तर उत्तम उडाली. ती बाद झाली ती या हिशेबात.

प्रश्न (आठवीतल्या एका वाचकाचा) : ‘उडता पलंग’ या यंत्राला पंख नाहीत, शेपूट नाही. मग ते विमान कसे?

उत्तर : ते विमान नव्हतेच. रोल्स-रॉइसने बनवलेला तो चाचणीचा सांगाडा होता आणि पलंग हे त्याला पडलेले टोपणनाव. पोलादी नळ्यांच्या चौकटीत नीन नावाची दोन जेट इंजिने आडवी, पाठीला पाठ लावून बसवली होती आणि त्यांचे झोत खाली वळवले होते. मांडणी नीट बघ. एका इंजिनाचा झोत मधोमध खाली जायचा. दुसऱ्याचा दुभंगून त्याच्या दोन बाजूंनी उतरायचा. त्यामुळे एक इंजिन बंद पडले तरी उरलेला रेटा मध्यातूनच जाई आणि यंत्र कलंडत नसे. चार बाजूंना पसरलेल्या हातांच्या टोकांतून दाबाची हवा सोडून तोल सांभाळला जाई.

जुलै १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या हकनॉल इथे ते आधी बांधलेल्या स्थितीत उचलले गेले. ३ ऑगस्ट १९५४ रोजी चाचणी-चालक रोनाल्ड शेफर्ड यांनी ते मोकळे उडवले. विचारायचा प्रश्न एकच होता : फक्त झोताच्या आधारावर उभे असलेले यंत्र माणसाला सांभाळता येते का? उत्तर मिळाले, पण त्याबरोबर एक त्रासही कळला. इंजिनाची मूठ पुढे ढकलल्यावर इंधन लगेच वाढते, पण इंजिनातल्या जड चक्राला वेग घ्यायला वेळ लागतो. समज, रेटा वजनापेक्षा पाच टक्क्यांनी कमी पडला. खाली येण्याचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रतिसेकंदाने वाढतो. दोन सेकंदांत यंत्र एक मीटर खाली आलेले असते आणि वेगही मीटरभर प्रतिसेकंद झालेला असतो. तेवढ्यात इंजिन जागे होते, जास्तच होते आणि यंत्र वर उसळते. चालकाला म्हणून हालचाल होण्याआधीच मूठ हलवायला शिकावे लागले. अशी दोन यंत्रे बनली होती. दुसरे नोव्हेंबर १९५७ मध्ये कोसळले आणि त्यात चालकाचा मृत्यू झाला.

प्रश्न : फ्रेंच आणि जर्मन विमानांत आठ-आठ जादा इंजिने दिसतात, ब्रिटनच्या हॅरियर या लढाऊ विमानात एकच. बरोबर कोण होते?

उत्तर : या प्रश्नावर दोन तट होते आणि दोघांकडेही आकडे होते.

पहिला विचार रोल्स-रॉइसचे ए. ए. ग्रिफिथ यांचा. उचलायला वेगळी छोटी इंजिने ठेवा, पुढे जायला वेगळे. उचलणारे इंजिन काही मिनिटेच चालणार, त्यामुळे ते अगदी हलके करता येते. आरबी१०८ हे इंजिन आपल्या वजनाच्या आठपटीहून अधिक रेटा देई. पुढच्या आरबी१६२ मध्ये कंप्रेसरसाठी काचतंतूंचे प्लास्टिक वापरून हे प्रमाण सोळापटीपर्यंत नेले. शॉर्ट एससी.१ मध्ये चार आरबी१०८ उभी आणि एक आडवे होते. ते २५ ऑक्टोबर १९५८ रोजी प्रथम मोकळे उभे उठले आणि ६ एप्रिल १९६० रोजी उभ्या अवस्थेतून पंखांवरच्या उड्डाणात गेले. फ्रान्सच्या दासो कंपनीने बाल्झाक विमानात आठ आरबी१०८ बसवली, मग मिराज तीन-व्ही मध्ये आठ आरबी१६२. या मिराजने १२ सप्टेंबर १९६६ रोजी ध्वनीच्या दुपटीहून जास्त, माक २.०४ वेग गाठला. उभे उठण्यासाठी बनलेल्या विमानासाठी हा आकडा आजही थक्क करतो. जर्मनीच्या डॉर्निए डीओ ३१ या मालवाहू विमानात दोन पेगासस इंजिने (त्यांच्याविषयी पुढे येईल) आणि पंखांच्या टोकांवरच्या डब्यांत चार-चार आरबी१६२ होती. उभे उठणारे जेट मालवाहू विमान तेवढे एकच झाले.

आता दुसरी बाजू. आठ उचल-इंजिने म्हणजे आठ वेळा सुरू करणे, आठ इंधनवाहिन्या, आठ ठिकाणी तपासणी आणि वर-खाली उघडणारी दारे. एखादे सुरूच न होण्याची शक्यता आठपट. एक बंद पडले तर आठवा हिस्सा उचल जाते आणि ते कडेचे असेल तर विमान त्या बाजूला झुकते. मग विरुद्ध बाजूचे चांगले इंजिनही बंद करावे लागते, म्हणजे उचल एक चतुर्थांशाने घटली. एवढी राखीव कुणाकडेच नव्हती. शिवाय प्रवासात ही आठही इंजिने निव्वळ मृत वजन. बाल्झाकचे दोन प्राणघातक अपघात झाले, १९६४ आणि १९६५ मध्ये. मिराज तीन-व्ही चा दुसरा नमुना नोव्हेंबर १९६६ मध्ये गेला आणि प्रकल्प संपला.

दुसरा विचार फ्रान्सचे मिशेल विबो यांच्या कल्पनेतून आला आणि ब्रिस्टलच्या इंजिन कारखान्यात स्टॅनली हूकर व गॉर्डन लुईस यांनी त्याला हॅरियरमधल्या पेगासस इंजिनाचे रूप दिले. एकच इंजिन, चार वळणारे नोझल, म्हणजे झोत सोडणारी तोंडे. पुढच्या दोनांतून पंख्याची तुलनेने थंड हवा, मागच्या दोनांतून टर्बाइनची तप्त हवा. चारही एकाच वेळी वळतात, कारण ती दांडे आणि साखळ्यांनी जोडलेली आहेत आणि हवेवर चालणाऱ्या मोटरने फिरतात. इंजिनातली दोन चक्रे उलट दिशांना फिरतात. ही गोष्ट छोटी वाटते, पण एकाच दिशेला फिरणारे जड चक्र पोटात असलेले विमान डावीकडे वळवायला जावे तर नाक वर किंवा खाली करते. अधांतरी अवस्थेत हे परवडत नाही. उलट-सुलट चक्रांनी हा परिणाम जवळपास पुसला जातो.

एकच इंजिन बंद पडले तर विमान गेलेच, पण ते एका बाजूला भेलकांडत नाही आणि चालकाला खुर्चीसह बाहेर पडायला क्षणभर मिळतो. म्हणूनच नोझल आणि त्याची जोडणी यांत हयगय चालत नाही. १४ डिसेंबर १९६१ रोजी हॅरियरचे पूर्वरूप असलेल्या हॉकर पी.११२७ चे पुढचे एक नोझल उड्डाणात निखळले. ते काचतंतूंचे होते. चालक बिल बेडफर्ड बाहेर पडून वाचले आणि पुढे ही नोझल पोलादाची झाली. १९६३ च्या पॅरिस प्रदर्शनात नोझल फिरवणाऱ्या यंत्रणेत बारीक घाण अडकली आणि विमान सगळ्यांसमोर आपटले.

आमच्या मते निकाल एका इंजिनाच्या बाजूने लागला तो देखभालीच्या वहीत. त्याची किंमतही होती : उचलण्यासाठी मोठे केलेले इंजिन प्रवासात गरजेपेक्षा मोठे असते आणि चार फाट्यांच्या झोतात मागून इंधन जाळून वेग वाढवणे अवघड जाते. पुढच्या नोझलमध्ये इंधन जाळून ध्वनीपार जाणारे पी.११५४ आखले गेले होते, ते फेब्रुवारी १९६५ मध्ये रद्द झाले. हॅरियर सरळ उड्डाणात ध्वनीच्या आतच राहिले.

प्रश्न : पी.११२७ च्या चित्रात हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या कडा फुगलेल्या दिसतात. छपाईचा दोष?

उत्तर : नाही, त्या रबराच्या होत्या आणि मुद्दाम फुगवल्या जात. विमान स्थिर असताना इंजिन सगळ्या बाजूंनी हवा ओढते. कड धारदार असेल तर हवा तिला धरून वळत नाही, आत भोवरे उठतात आणि रेटा घटतो. म्हणून कड जाड, गोलसर हवी. वेगात मात्र पातळ कडच चांगली. रबर अधांतरी फुगवायचे आणि वेगात आत ओढून चपटे करायचे, अशी युक्ती होती. वेग वाढला की रबर फडफडून फाटे. हॅरियरमध्ये मग धातूची कड आणि तिच्यामागे आतल्या ओढीने आपोआप उघडणारी छोटी दारे आली.

प्रश्न : अधांतरी अवस्थेतून पुढे जाताना, आणि परत थांबताना, चालक नेमके काय करतो?

उत्तर : पी.११२७ ने २१ ऑक्टोबर १९६० रोजी इंग्लंडमधल्या डन्सफोल्ड इथे दोरांनी बांधलेल्या अवस्थेत पहिली उचल घेतली. पूर्ण संक्रमण, म्हणजे उभे उठून पंखांवर जाणे आणि परत येऊन उभे उतरणे, १२ सप्टेंबर १९६१ रोजी झाले. मधले जवळपास एक वर्ष दोन्ही टोकांकडून थोडे थोडे पुढे सरकण्यात गेले : एकीकडे अधांतरीतून हळूहळू वेग वाढवत, दुसरीकडे धावपट्टीवरून उडून हळूहळू वेग कमी करत.

हॅरियरमध्ये इंजिनाच्या मुठीशेजारी नोझलची वेगळी मूठ असते. उठताना नोझल सरळ खाली, इंजिन पूर्ण. झाडांच्या-इमारतींच्या वर आल्यावर नोझल थोडे थोडे मागे वळवायचे. एकदम वळवले तर उचल जाते आणि पंखांनी अजून भार घेतलेला नसतो, विमान बसते. वेग वाढेल तसा पंखांवरचा भार वाढतो आणि तेवढाच नोझल मागे. उतरताना उलट : वाऱ्याकडे तोंड करायचे, नोझल खाली घ्यायचे, वेग मोडायला काही क्षण पुढच्या दिशेला, सुमारे ९८ अंशांपर्यंत, आणि पंखांची उचल जाईल तसा इंजिनाचा रेटा वाढवत न्यायचा. इथे दोन मुठींत गल्लत झाली तर सावरायला वेळ नसतो.

सर्वात वाईट टप्पा साधारण ३० ते १०० नॉटचा. पेगासस दर सेकंदाला जवळपास २०० किलो हवा आत घेते. विमान ६० नॉटने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० मीटरने जात असेल तर ती हवा थांबवून खाली वळवण्यात ६,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलोचा जोर विमानाच्या तोंडावर येतो. नाक वाऱ्यापासून १० अंश बाजूला गेले की त्यातला सुमारे १०० किलोचा जोर आडवा होतो, तोही गुरुत्वमध्याच्या पुढे. तो नाकाला आणखी बाजूला ढकलतो. या वेगाला शेपटीवर पुरेसा वारा नसतो. त्यातच मागे झुकलेल्या पंखांतला वाऱ्याकडचा पंख जास्त उचलतो आणि विमान कलंडते, कडेच्या हवेच्या तोंडांची ताकद संपते. उपाय काय? चालकाच्या काचेसमोर वाऱ्याची दिशा दाखवणारे एक साधे पाते बसवले आहे. ते मधोमध ठेवायचे. पाते सरकले तर पायाने नाक आधी वाऱ्यात आणायचे, कलणे मागाहून सावरायचे. बाकी सगळी यंत्रणा एकीकडे आणि ते पाते एकीकडे.

प्रश्न : शेपटीवर उभे राहून उडणारी विमाने का मागे पडली? त्यात तर काही वळवायचे नव्हते.

उत्तर : बरोबर, म्हणूनच ती आधी यशस्वी झाली. अमेरिकेच्या रायन एक्स-१३ ने ११ एप्रिल १९५७ रोजी उभ्या केलेल्या ट्रेलरवरून सुटून, आडवे उडून, परत त्याच ट्रेलरच्या तारेला नाकाखालचा आकडा अडकवून दाखवला. उतरताना मात्र चालक पाठीवर आडवा, नजर आकाशाकडे. खुर्ची पुढे झुकवण्याची सोय करूनही खालचे अंतर त्याला नीट उमगत नसे. ट्रेलर नसेल तर विमान उतरणार कुठे, हा प्रश्न वेगळाच. फ्रान्सच्या कोलेऑप्टेरला गोल कड्यासारखा पंख होता. मे १९५९ मध्ये ते मोकळे उडाले आणि २५ जुलैला आडवे होण्याच्या प्रयत्नात ताबा सुटून कोसळले. चालक ओग्युस्त मोरेल बाहेर पडले, पण जखमी झाले. खाली येण्याचा वेग अंगाला न जाणवणे हा या जातीचा मूळ दोष.

प्रश्न : जमिनीजवळ रेटा घटतो असे वाचले. पण जमिनीच्या आधाराने तो वाढायला नको का?

उत्तर : हेलिकॉप्टरचा वाढतो, एका झोताच्या जेटचा घटतो. अरुंद, वेगवान झोत आपल्या भोवतालची हवा सोबत ओढून नेतो. जमिनीवर आपटून तो चहूकडे पसरतो आणि पोटाखालची हवाही घेऊन जातो. पोटाखालचा दाब कमी होतो, वरचा तसाच राहतो, म्हणून विमान खाली ओढले जाते. झोत दोन किंवा चार असतील तर जमिनीवर पसरलेले प्रवाह मधोमध भेटतात आणि कारंज्यासारखे वर उसळून पोटाला धक्का देतात. हे कारंजे पकडायला नंतरच्या हॅरियरच्या पोटाखाली लांब पट्ट्या आणि पुढे एक आडवी भिंत बसवली. तीच सोय नसेल तर ते कारंजे तप्त हवा थेट इंजिनाच्या तोंडाशी नेते. तोंडाशी तापमान वाढले की रेटा पडतो. तापमान एका बाजूलाच वाढले तर कंप्रेसर अडखळून धडाका करतो.

म्हणून सुरुवातीच्या चाचण्या जाळीच्या व्यासपीठावर, खाली खड्डा ठेवून झाल्या. म्हणजे जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवून तोलाचा प्रश्न आधी सोडवला. चाचणीची ही शिस्त घेण्यासारखी आहे. आणि २००१ च्या सुमारासही हा प्रश्न पुरता सुटला नव्हता. बोइंगच्या एक्स-३२ या नमुना विमानाला उभे उतरण्याच्या चाचणीसाठी हवेच्या तोंडाचा काही भाग आणि चाकांची दारे काढून वजन कमी करावे लागले, शिवाय तप्त हवा आत येण्याचा त्रास होताच.

काँक्रीटविषयीही एकाने विचारले आहे. काँक्रीटमध्ये ओल असते. तप्त झोत एका जागी टिकला की तिची वाफ होते आणि वरचा थर टवके उडून निघतो. ते टवके इंजिनात जातात.

प्रश्न : अमेरिकेचे रॉकवेल एक्सएफव्ही-१२ हे विमान उठलेच नाही, हे खरे का?

उत्तर : खरे. पंखांतल्या उभ्या फटींतून इंजिनाचा झोत सोडायचा आणि त्याने भोवतालची हवा ओढून रेटा वाढवायचा, अशी योजना होती. प्रयोगशाळेत ५५ टक्के वाढ दिसली होती. पूर्ण आकाराच्या विमानात पंखात १९ टक्के आणि पुढच्या छोट्या पंखात ६ टक्केच मिळाली. १९७८ मध्ये दोरांनी बांधून केलेल्या चाचण्यांत ते वजनाच्या तीन चतुर्थांशच उचलू शकले. लांब, वळणदार नळ्यांत दाब हरवतो आणि फटीत दोन प्रवाह नीट मिसळायला जागा लागते. छोट्या नमुन्यात या दोन्ही गोष्टी फुकट मिळालेल्या असतात.

प्रश्न : ७० मिमीचे दोन विजेरी डक्टेड (नळीत बसवलेले) पंखे वापरून मी उभे उठणारे मॉडेल केले आहे. वजन २.४ किलो, पंख्यांचा रेटा विक्रेत्याच्या पत्रकाप्रमाणे एकूण ३.६ किलो. बॅटरी चार सेलची. पहिल्या क्षणी उठते आणि लगेच उलटते. जायरो (कलणे ओळखून आपोआप तोल सावरणारे उपकरण) लावला आहे.

उत्तर : आधी रेट्याचा हिशेब पाहा. पत्रकातला आकडा भरलेल्या बॅटरीचा, म्हणजे १६.८ व्होल्टचा धरू. भार पडल्यावर ती १४.८ वर येते. रेटा ढोबळमानाने व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे ३.६ चे २.८ किलो झाले. नळी खाली वळवण्यात १५ टक्के गेले तर उरले २.४, म्हणजे बरोबर तुमच्या मॉडेलचे वजन. जायरोला तोल सांभाळायला काहीच शिल्लक नाही. मॉडेल काट्यावर उलटे घट्ट बांधा, झोत वर जाऊ द्या, आणि वजनाहून जास्त भरणारा आकडा वाचा. तीस सेकंद चालवून शेवटचा आकडा धरा, पहिला नव्हे. तो वजनाच्या किमान सव्वापट हवा. नसेल तर आधी वजन उतरवा, मग वळणात आतून दिशा देणारी पाती बसवा आणि हवेच्या तोंडाला जाड गोल कड द्या.

उलटण्याची कारणे सहसा दोन. बॅटरी जोडलेली, पण पंखे बंद ठेवून मॉडेल हाताने उजवीकडे कलवा. झोतातली पाती अशी वळली पाहिजेत की झोत मॉडेलला डावीकडे परत आणेल. पुढे-मागे आणि नाकाच्या दिशेसाठीही हेच बघा. एका अक्षावर जरी जायरोची दिशा उलटी असेल तर जायरो मॉडेलला सावरण्याऐवजी ढकलतो आणि ते अर्ध्या सेकंदात उलटते, कधी या बाजूला, कधी त्या. दरवेळी एकाच बाजूला आणि जरा सावकाश उलटत असेल तर गुरुत्वमध्य तपासा. २.४ किलोला ५ मिमीची चूक म्हणजे १२ किलो-मिमीचा झोक. पात्यांचा आडवा जोर ६० ग्रॅम आणि अंतर १५० मिमी असेल तर हाताशी फक्त ९. म्हणजे हरणारच.

पंखे एकमेकांच्या उलट फिरणारे घ्या. जायरोची तीव्रता अगदी कमीपासून वाढवत न्या, बारीक जलद थरथर सुरू झाली की तिथून पाव भागाने खाली या. दोर बांधायचा तर वरून, सैल. बाजूंचे दोर ताणले की झटका देतात आणि जायरो त्या झटक्याशीच झुंजतो. जमिनीलगत रेंगाळू नका, पहिली उचल अर्ध्या मीटरपर्यंत थेट घ्या, खाली उंच जाळी ठेवली तर उत्तम. पात्यांशी काम करताना बॅटरीची तार काढा, फक्त रिमोट बंद करून भागत नाही.

प्रश्न : अमेरिकेच्या एफ-३५बी या लढाऊ विमानात पुन्हा वेगळा उचल-पंखा का? तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ते मृत वजन नाही का?

उत्तर : आहे. पण ते इंजिन नाही, इंधन जाळत नाही आणि त्याचा मोबदला मोठा आहे. दहा टन अधांतरी धरायचे तर ९८,००० न्यूटन हवेत. झोत सेकंदाला ६०० मीटरचा असेल तर १६३ किलो हवा आणि झोतात जवळपास २९ मेगावॅट शक्ती जाते. झोत ३०० मीटरचा केला तर हवा दुप्पट लागते, पण शक्ती निम्मी. म्हणजे जास्त हवा सावकाश ढकलणे स्वस्त. अभियंते पॉल बेव्हिलाक्वा यांच्या मांडणीत इंजिनातली शक्ती दांड्याने आणि क्लचने पुढच्या पंख्याला दिली. मागे तीन बेअरिंगचे वळणारे नोझल, पंखांत कलणे सावरणारी दोन तोंडे. इंजिनाचा मागून इंधन न जाळता मिळणारा रेटा सुमारे १२,७०० किलो, तर उभ्या अवस्थेत एकूण उचल १८,००० च्या आसपास. शिवाय पुढचा थंड झोत मागच्या तप्त हवेला तोंडापर्यंत येऊ देत नाही, म्हणजे दोन जुने त्रास एकदम मिटले. नमुना विमान एक्स-३५बी ने २० जुलै २००१ रोजी एकाच उड्डाणात आखूड धाव घेऊन उठणे, ध्वनीपार जाणे आणि उभे उतरणे हे तिन्ही करून दाखवले.

क्लच हा त्यातला नाजूक भाग. आधी घर्षणाच्या चकत्यांनी पंख्याचा वेग दांड्याच्या वेगापर्यंत आणतात, मग यांत्रिक कुलूप लागते. चकत्या तापतात, म्हणून हे घाईघाईत पुन्हा पुन्हा करता येत नाही.

प्रश्न : सोव्हिएत याक-३८ या लढाऊ विमानात चालकाला न विचारता खुर्ची सुटायची म्हणे. का?

उत्तर : त्यात मुख्य इंजिनाचे दोन वळते झोत मागे आणि दोन उचल-इंजिने पुढे होती. पुढचे एक बंद पडले तर नाक पडते, पंखांच्या टोकांतून तोलासाठी सुटणारी हवा गेली तर विमान कलंडते. समजा कलण्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ५७ अंश प्रतिसेकंदाने वाढतो आहे. ६० अंश कलायला दीड सेकंद पुरतो. काय घडले हे ओळखून खुर्ची सोडणारी मूठ ओढेपर्यंत तेवढा वेळ निघून जातो आणि ९० अंशांच्या पुढे खुर्ची जमिनीकडेच सुटते. म्हणून उभ्या उड्डाणात ६० अंशांची मर्यादा ओलांडली की यंत्रणा स्वतःच चालकाला बाहेर काढी.